एकशे वीस भोकं आणि आजीचा वरचा खण

शनिवार पेठेतला शनिवार. सकाळचे साडेदहा. अशा वेळी आपल्या वयाच्या सुज्ञ माणसांनी काय करायचं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. उशिरा उठायचं, ब्रंचच्या नावाखाली पोहेच खायचे, मग गाडी काढून मुळशीच्या रस्त्याला लागायचं आणि सोमवारी ऑफिसात सांगायचं, ‘जाम मजा आली यार!’

आणि मी? मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उकिडवी बसलेली. डोळ्यांना गॉगल (उन्हाचा नाही, सुताराचा), नाकावर मास्क, केसांत लाकडाचा भुसा आणि तोंडाने मोठ्यांदा आकडे. ‘सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस...’

खालच्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काय गं, जप करतेस का?’

जप नव्हता हो. भोकं मोजत होते. प्लायवूडच्या दोन उभ्या पाट्या, प्रत्येकीवर साठ भोकं. पाच मिलिमीटर व्यासाची, दहा मिलिमीटर खोल. एकूण एकशे वीस. मास कॉमच्या दोन वर्षांत मला बातमीचा इंट्रो शिकवला, लेआउट शिकवला, मीडियाचे कायदे शिकवले. भोक सरळ कसं पाडायचं ते कुणीच शिकवलं नाही. सिलॅबसमध्ये घ्यायला हरकत नाही. माणसाची सगळी रग जिरते.

पण हे प्रकरण भोकांपासून सुरू होत नाही. ते आजीपासून सुरू होतं.

आजी आता चौऱ्याऐंशीची आहे. १९६० मध्ये लग्न होऊन ती शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आली. वर्षभरात, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही गेलं. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार... पुण्यात साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे पाण्याची एक खूण असते. ‘आमच्याकडे इथपर्यंत आलं होतं’ असं म्हणून ते भिंतीवर हात ठेवतात. वाडा कधीच पडलेला असतो, भिंतही नवी असते, पण हात बरोबर त्याच उंचीवर जातो.

आजीची खूण म्हणजे माजघरातलं फडताळ. नव्या पिढीसाठी सांगते : फडताळ म्हणजे वाड्याच्या जाडजूड भिंतीतच केलेलं कपाट. त्याला सागवानी दारं आणि आत चार खण. घरातली सगळी माणसं उंचावरच्या नातलगांकडे निघून गेली होती. परत येऊन बघतात तर सगळीकडे चिखल. फडताळाचे खालचे तीन खण गाळाने भरलेले. लग्नातले शालू, भांडी, आजोबांची पुस्तकं, सगळं गेलं. चौथा खण मात्र कोरडा. त्यात आजीची एक कापडी पिशवी होती. तिच्यात मॅट्रिकचं सर्टिफिकेट, तिच्या आईचं शेवटचं पत्र आणि लग्नातला एक फोटो. त्या सर्टिफिकेटावर पुढे तिला बालवाडीत नोकरी मिळाली आणि आमचं घर उभं राहिलं.

तेव्हापासून आजीचा एक नियम आहे. महत्त्वाची वस्तू वरच्या खणात. पिशवी नेहमी वर. दर रविवारी ती काढायची, उघडून बघायची, परत वर ठेवायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्या हे करतात.

२०१४ मध्ये वाडा पाडला. सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलं. फडताळाची दारं तेवढी आजीने अडवली, ‘ही माझी आहेत’ म्हणून. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. इंटिरिअरवाल्याने भिंतभर चकचकीत वॉर्डरोब करून दिला. वरचा खण साडेसहा फुटांवर, सगळ्या फळ्या खिळे मारून पक्क्या. दिसायला एकदम झकास. पण आजी तरुणपणी पाच फूट होती. आता चार फूट नऊ इंच आहे. वयाबरोबर पाठीचे मणके झिजतात, दबतात आणि माणूस उंचीने कमी होतं. रोज डोळ्यांसमोर असणारं माणूस तीन इंचांनी कमी झालं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कपाट तेवढंच राहिलं, आजी खाली गेली.

जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं. भिडे पूल पाण्याखाली. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलेलं. टीव्हीवर दिवसभर क्युसेकचे आकडे. मी त्याच बातमीच्या मागे बाहेर होते आणि आजी घरात एकटी. पिशवी त्या दिवशी खाली पलंगावर होती. आजीने स्टूल घेतलं आणि पिशवी वर ठेवायला चढली.

तिसऱ्या मजल्यावर हो. मला माहीत आहे.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, कंबरेवर निभावलं नाही हे नशीब, या वयात खुब्याचं हाड गेलं की अवघड असतं. स्टूल बाबांनी त्याच दिवशी देऊन टाकलं. आणि पिशवी? ‘खालच्या खणात ठेवू का?’ असं मी विचारलं. ‘नको. वरच असू दे,’ आजी म्हणाली. ‘मग हवी असेल तेव्हा सांग, मी काढून देईन.’ ‘सांगेन.’

तिने सांगितलं नाही. एकदाही नाही. आजी कुणाकडे काही मागत नाही, चहासुद्धा ‘तुम्ही घेणार असाल तर माझा टाका’ असा असतो. तीन महिने ती पिशवी वरच्या खणात पडून राहिली. तेरा रविवार.

तेव्हा मी ठरवलं, आजीला तिचं कपाट करून द्यायचं. फडताळाच्या दारांचं आणि हलत्या फळ्यांचं. वरचा खण तिचा हात जिथे पोहोचेल तिथे. आणि उद्या हात आणखी खाली आला, तर खणही खाली.

आधी रीतसर मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, ‘मॅडम, दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकून फळ्या फिक्स करून देतो. हलती फळी कशाला? एकदा लावली की कोण हलवतंय?’ त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. तुमच्या घरी हलत्या फळ्यांचं कपाट असेल तर आठवून बघा, शेवटची फळी कधी हलवली होती? पण मला नेमकी हलणारीच हवी होती. आणि फ्रीलान्स पत्रकाराला वेळ भरपूर असतो, मानधन येईपर्यंत तर फारच.

हलती फळी म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांना आतून भोकांच्या उभ्या रांगा असतात. पुढे एक, मागे एक, अशा दोन्ही बाजू मिळून चार. हव्या त्या उंचीच्या चार भोकांत चार छोट्या पिना खोचायच्या आणि त्यांच्यावर फळी टेकवायची. दुकानात त्यांना शेल्फ पिन म्हणतात. आजीने हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, ‘एवढीशी खुंटी?’ हाच शब्द बरोबर आहे. आपल्याकडे टोपीला, छत्रीला, तंबोऱ्याला खुंटी होती. ही फळीची खुंटी.

आता तुम्ही म्हणाल, यात काय रॉकेट सायन्स? टेप घ्या, पेन्सिल घ्या, खुणा करा, पाडा भोकं. मलाही तसंच वाटलं होतं.

टिंबर मार्केटमधून अठरा मिलिमीटरचं प्लाय मापात कापून आणलं. घरात भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन होतं. पहिलं भोक छान पडलं. मग त्या भोकापासून माप घेऊन दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं. सहा-सहा भोकांच्या चार रांगा झाल्यावर म्हटलं, चला, ट्रायल घेऊ. फळी ठेवली. ती डुगडुगली. अगदी इराण्याच्या हॉटेलातल्या टेबलासारखी. एक कोपरा दाबला की समोरचा उचलतो. वरच्या भोकांत ठेवली तर आणखी जास्त डुगडुगली.

कारण साधं आहे, फक्त ते आधी कुणी सांगत नाही. फळी चार टेकूंवर बसते. तीन टेकू कसेही असले तरी फळी त्यांच्यावर स्थिर बसते. भांडण चौथा लावतो. एक पिन मिलिमीटरभर जरी वर-खाली झाली तरी फळी हलते. आणि प्रत्येक भोक मागच्या भोकापासून मोजलं की प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात जमा होत जाते, क्रेडिट कार्डच्या व्याजासारखी. त्यात हातातलं ड्रिल काटकोनात धरणं हा भ्रम असतो. ते तिरकंच जातं आणि प्लायच्या तोंडाशी कपचा उडवतं. मी मिस्त्रीला, प्लायला, मशीनला, सगळ्यांना नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं!

गच्चीवरचा हा तमाशा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बघितला. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून टूलरूम सांभाळून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशाला अजून सहा इंची स्टीलची पट्टी असते. त्यांनी फळी बोटाने दाबली, डुगडुग ऐकली आणि डॉक्टरसारखं निदान केलं.

‘जिग नाहीये तुझ्याकडे.’

मला जिग म्हणजे नाच एवढंच माहीत. काकांना भलताच हुरूप आला. ‘अगं, सगळं पिंपरी-चिंचवड जिगवर उभं आहे!’ मग कठड्याला टेकून अर्धा तास लेक्चर. पण मान गये! कॉलेजात इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. साठच्या दशकात तिकडे कारखाने आले. बजाज आली, टेल्को आली (जिचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं). समजा, गाडीच्या एका भागाला आठ भोकं पाडायची आहेत. असे हजार भाग. आठ हजार वेळा पट्टी लावून मोजत बसलं तर गाडी कधी निघणार? म्हणून एकदाच, जीव ओतून, एक साचा करायचा. त्यात भोकांच्या जागा पक्क्या. मग कामगाराने मोजायचं नाही. साचा लावायचा, ड्रिल साच्यातून घालायचं, संपलं. जे साधन हत्याराला वाट दाखवतं ते जिग. जे फक्त कामाला घट्ट धरून ठेवतं ते फिक्स्चर. ‘दोन्ही शब्द एकत्र बोलतात म्हणून दोन्ही एकच समजायचं नाही,’ काकांनी बजावलं. मी मान डोलावली. पुण्यात व्याख्येवरून वाद घालायचा नसतो.

‘आणि हे ड्रिल ठेवून दे. राउटर आण.’

राउटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वायफाय आलं असेल. हा तो नाही. हा सुताराचा राउटर. मोटर, तिच्या टोकाला पातं आणि खाली सपाट बैठक. बैठक लाकडावर टेकवायची आणि मोटर दांड्यांवरून सरळ खाली दाबायची. तिरकं जायची सोयच नाही. वेग इतका की प्लायच्या कपच्या न उडता भोक स्वच्छ पडतं. किती खोल जायचं तेही आधी ठरवून ठेवता येतं, म्हणजे पाटीच्या आरपार जायची भीती नाही. माझ्या मावसभावाने लॉकडाउनमध्ये असा एक छोटा राउटर घेतला होता. त्याच सुमारास त्याने सावरडो ब्रेड आणि गिटारही सुरू केलं होतं, त्यामुळे मशीन कोरं करकरीत होतं.

एक जोडभाग लागतो : गाइड बुश. राउटरच्या बैठकीला खालून बसवायची पितळी किंवा लोखंडी कॉलर. आमची बाहेरून दहा मिलिमीटर होती. म्हणजे साच्याला दहाची भोकं करायची, कॉलर त्यांत अलगद बसते आणि तिच्या मधून पाचचं पातं खाली उतरतं. पातं साच्याला लागत नाही, त्यामुळे साचा झिजत नाही. पातं आणि पिना आणायला बोहरी आळीत गेले. दुकानदाराने दोन वेळा विचारलं, ‘मिस्त्रीने लिहून दिलंय का?’ मी म्हटलं, ‘मिस्त्री मीच आहे.’ त्याने पाकिटावर बारा पिना जास्त दिल्या. ते कौतुक होतं की ‘हिच्या हरवणार’ हा अंदाज, देव जाणे.

दोन भोकांत अंतर किती ठेवायचं? मी इंचावर एक म्हणणार होते. काका म्हणाले, ‘बत्तीस मिलिमीटर. आणि पुढच्या कडेपासून सदतीस.’ हे आकडे आले कुठून? जर्मनीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरं भराभर उभी करायची होती आणि फर्निचरही. एका दमात रांगेने भोकं पाडणारी मशीन्स आली. त्यांच्या शेजारशेजारच्या ड्रिलना फिरवणारे गिअर बत्तीस मिलिमीटरपेक्षा जवळ बसेनात. झालं! मशीनची अडचण हीच जगाची पद्धत झाली. आज बिजागऱ्यांच्या पट्ट्या, ड्रॉवरचे चॅनेल, सगळं त्या बत्तिसाच्या हिशेबात येतं. शनिवार पेठेतल्या आजीच्या पिशवीसाठी जर्मन गिअरचा दात, हे मला फार आवडलं.

साचा करायला आम्ही भोसरीला गेलो. काकांच्या जुन्या सहकाऱ्याचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, त्यात उभं ड्रिलिंग मशीन. बारा मिलिमीटर प्लायची चार फुटी पट्टी घेतली. एक हजार दोनशे वीस मिलिमीटर लांब, चार इंच रुंद. तीस भोकं, म्हणजे मधली अंतरं एकोणतीस. एकोणतीस गुणिले बत्तीस म्हणजे नऊशे अठ्ठावीस. उरलेले दोनशे ब्याण्णव दोन्ही टोकांना निम्मे निम्मे, एकशे सेहेचाळीस. गणित मीच केलं आणि काकांनी खिशातल्या कागदावर तपासलं.

मी पेन्सिल काढली तर काकांनी ती काढून घेतली. ‘खुणा नाही करायच्या. खुणेवर ड्रिल घसरतं.’ त्यांनी मशीनच्या टेबलावर एक फळी पक्की केली आणि तिच्यात, ड्रिलपासून बत्तीस मिलिमीटरवर, दहाची गोल सळई उभी ठोकली. पहिलं भोक पाडलं. पट्टी उचलून ते भोक सळईत अडकवलं. दुसरं पाडलं. मग दुसरं सळईत, तिसरं पाडलं. लंगडी घातल्यासारखं एक एक घर पुढे. मोजमाप शून्य. वीस मिनिटांत तीस भोकं.

घरी येऊन मी शहाणपणा केला. टेप लावली. एका टोकाला एकशे सेहेचाळीस बरोबर होते, पण दुसऱ्या टोकाला एकशे त्रेचाळीसच उरले होते. तीन मिलिमीटर गायब! म्हणजे सळई बत्तीसवर नव्हती, दहावा हिस्सा मिलिमीटरने पुढे लागली होती. एकोणतीस वेळा दहावा हिस्सा, झाले तीन. मी धावत काकांकडे. ‘काका, साचा चुकला!’

काका चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, ‘चारही रांगा याच साच्याने पाडणार ना?’

‘हो.’

‘मग चारही रांगांत तीच चूक येईल. फळीला बत्तीस कळत नाही गं. तिला एवढंच कळतं की चारही खुंट्या एका उंचीवर आहेत की नाही. फक्त एक कर. खालचं टोक कुठलं ते ठरव आणि प्रत्येक वेळी तेच टोक खाली ठेव. उलट-सुलट केलीस तर हेच तीन मिलिमीटर बोकांडी बसतील.’

मी पेन्सिलीने टोकावर ‘खाली’ असं लिहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी काम सुरू. साच्याची सदतिशीची कड पाटीच्या कडेला बोटांनी चाचपून जुळवायची, खालची टोकं जुळवायची, दोन्हीकडे क्लॅम्प आवळायचे. मागच्या रांगेसाठी साचा पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, पण खालचं टोक खालीच. मग कॉलर भोकात, मोटर चालू, दाब, वर. दाब, वर. आवाज मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकल्यासारखा. साठ भोकांत डावी पाटी पूर्ण. इतक्यात एक वाजला. आमच्या जिन्यात पाटीच आहे : ‘दुपारी १ ते ४ कोणताही आवाज करू नये. केल्यास तो शेवटचा समजावा.’ खाली आले, जेवले, झोपले.

चारला उजवी पाटी घेतली. अंगात आत्मविश्वास. पटापट साठ भोकं. संध्याकाळी दोन्ही पाट्या शेजारी उभ्या करून आजीला दाखवायला बोलावलं. आजी जिन्याचा कठडा धरत वर आली, चष्मा लावला, पाट्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘ही रांग जरा खाली आहे का?’

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! मी टेप लावली. तीन मिलिमीटर. दुपारच्या भुशाने आणि माझ्या हातांनी ‘खाली’ हे अक्षर पुसलं गेलं होतं आणि चार वाजता मी साचा उलट्या टोकाने लावला होता. मोठ्यांदा रडावंसं वाटलं. प्लायचे पैसे, तीन रविवार, आणि आजीच्या पुढ्यात.

काकांना हाक मारली. त्यांनी दोन्ही पाट्यांवर खिशातली पट्टी फिरवली. वर, मध्ये, खाली. मग हसायला लागले. ‘अगं, सगळीकडे सारखीच तीन मिलिमीटर आहे. चूक केलीस, पण इमानदारीने केलीस.’

उपाय इतका सोपा निघाला की मला स्वतःचाच राग आला. डाव्या पाटीची भोकं तीन मिलिमीटर वर होती, म्हणून तिच्या खालच्या टोकाचे तीन मिलिमीटर उडवले. आता ती उंचीला कमी झाली, म्हणून उजव्या पाटीच्या वरच्या टोकाचेही तीन उडवले. सरळ पट्टी लावून, राउटरनेच. पाट्या सारख्या, भोकं समोरासमोर. माझी पहिली हाताने केलेली रांग आठवली. तिथे प्रत्येक भोक वेगळं चुकलं होतं. त्याला इलाज नव्हता, ती पाटी आता आमच्या चपलांच्या स्टँडखाली आहे. साच्यावर ‘खाली’ हे अक्षर नंतर बाबांनी ऑइल पेंटने लिहिलं, दोन्ही बाजूंनी, सुंदर अक्षरात. एरवी ‘नोकरी का सोडलीस’ याशिवाय आमच्यात विषय नसतो. त्या दिवशी ब्रश धुताना म्हणाले, ‘मागच्या रांगेसाठी उलटताना घोटाळा होत नाही का?’ आम्ही त्यावर वीस मिनिटं बोललो.

कपाट पुढच्या रविवारी उभं राहिलं. पाच फूट उंच, दोन फूट रुंद. त्याहून रुंद केलं तर फळीला मधे पोट येतं. वाड्याची दारं जुन्याच बिजागऱ्यांवर लागली, थोडी कुरकुरतात. चार पिना खोचल्या, फळी ठेवली, कोपरा दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. ज्याने आयुष्यात कधी डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवली आहे, त्यालाच हा आनंद कळेल.

मग आजीला उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. जिथे मनगट सरळ राहील, ताण येणार नाही, तिथे वरचा खण. खालून एकविसावं भोक. पिशवी मी आणून दिली, ठेवली मात्र तिने. दारं लावली. उघडली. काढली. परत ठेवली. तेरा रविवारांनंतर.

मला वाटलं, आता आजी काहीतरी छानसं बोलेल. ती आत डोकावून भोकं मोजत होती.

‘एवढी कशाला पाडलीस? मुंग्या घरं करतील.’

‘अगं, फळी हवी तशी खाली-वर करता यावी म्हणून. तुला पुढे आणखी खाली लागली तर...’

‘खाली कशाला?’ तिने एक पिन चिमटीत धरून काढली, वरच्या भोकात घालून बघितली. बसली. परत काढली, जागेवर लावली. ‘पाणी आलं तर वर करता येईल ना?’

‘येईल. नऊ भोकं आहेत वर.’

तिने मनात काहीतरी हिशेब केला. बोहरी आळीवाल्याने दिलेल्या जास्तीच्या बारा पिना माझ्याकडून मागून घेतल्या, हो, मागून, आणि कुंकवाच्या जुन्या करंड्यात घालून करंडा पिशवीशेजारी ठेवून दिला.